वीज इथली, गळती तिथली

श्रीमंत देश हवामानासाठी काय करतात हे दाखवणाऱ्या तक्त्यांत एक रकाना असतो: वीज आणि उष्णता निर्मितीतून होणारे मिथेन उत्सर्जन. जाळलेल्या इंधनाच्या प्रमाणात हा रकाना वाचला, तर डेन्मार्क आणि जर्मनी वरच्या बाजूला दिसतात, तर जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर तळाशी. वाचणाऱ्याचा स्वाभाविकच समज होतो, की वरचे देश मिथेनबाबत बेफिकीर आहेत आणि खालचे काटेकोर. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे, आणि या उलटेपणाचे परिणाम मोठे आहेत. युरोप आणि पूर्व आशियातले श्रीमंत देश पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी कोणाकडून किती वायू घ्यायचा याचे करार आत्ता करत आहेत. अशा वेळी आपल्या विजेमागे मिथेन जवळजवळ नाहीच, असे सांगणारा आकडा हाताशी असणे फार सोयीचे ठरते. माझे म्हणणे असे, की विजेमागच्या मिथेनची देशादेशांतली तुलना वीजकेंद्राच्या चिमणीपाशी थांबवू नये. ती विहिरीपासून आणि खाणीपासून सुरू व्हावी, आणि त्या मिथेनचा भार इंधन विकणाऱ्याइतकाच ते विकत घेणाऱ्याच्याही नावावर दिसावा.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने हा काळ अगदी थोडा, पण तेवढ्या काळात तो भयंकर उष्णता अडवतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे खनिज इंधनातला एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने २९.८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८२.५ किलोइतकी तापमानवाढ घडवतो. आजवरच्या तापमानवाढीतला सुमारे अर्धा अंश सेल्सिअस वाटा मिथेनचा आहे. याचा अर्थ असा, की मिथेन आज कमी केला तर त्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसेल. कार्बन डायऑक्साइडबाबत असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही.

आता हा रकाना भरला कसा जातो ते पाहू. संयुक्त राष्ट्रांना हिशेब देताना प्रत्येक देश उत्सर्जनाची ठरावीक वर्गांत विभागणी करतो. इंधन जाळून वीज आणि उष्णता तयार करणारी केंद्रे एका वर्गात येतात. विहिरी, वाहिन्या, प्रक्रिया केंद्रे आणि खाणी यांतून निसटणारा वायू दुसऱ्या वर्गात, गळतीच्या नावाखाली जातो. शिवाय ज्या देशाच्या हद्दीत तो निसटला, त्याच देशाच्या नावावर. पहिल्या वर्गाचे आकडे बहुतेक ठिकाणी मोजलेले नसतात, ते गुणाकाराने काढलेले असतात. किती इंधन जाळले, गुणिले प्रत्येक एककामागे किती मिथेन निघतो असे धरायचे. इटलीतल्या इस्प्रा येथे तयार होणारा युरोपीय आयोगाचा एडगार हा जगभरचा आकडेसंच याच पद्धतीने बनतो, आणि तुलनेचे बरेच तक्ते तिथूनच आकडे उचलतात.

त्या गुणाकारातला गुणक काय आहे हे पाहिल्यावर सगळे चित्र उलगडते. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत वीजकेंद्रांसाठी प्रमाण म्हणून दिलेला गुणक नैसर्गिक वायूला १ टेराजूलमागे १ किलो मिथेन असा आहे. कोळशालाही १ किलोच. लाकडाला मात्र ३० किलो. टेराजूल म्हणजे ढोबळमानाने वीस टन वायूत असलेली ऊर्जा. आधुनिक केंद्रात त्यातून दीड लाख युनिट वीज मिळते. दीड लाख युनिटमागे एक किलो मिथेन! त्याच वायूच्या ज्वलनातून ५६ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच्यापुढे एक किलो मिथेन खिजगणतीतही येत नाही. चिमणीपुरता हा आकडा चुकीचाही नाही, कारण मोठ्या बॉयलरमध्ये आणि टर्बाइनमध्ये मिथेन खरोखरच जवळजवळ पूर्ण जळतो.

पण तो वीस टन वायू केंद्रापर्यंत येताना वाटेत एक टक्का जरी निसटला, तर ते दोनशे किलो झाले. चिमणीच्या दोनशे पट. आणि एक टक्का हा आशावादी आकडा आहे. अमेरिकेतल्या विहिरींपासून वाहिन्यांपर्यंतची प्रत्यक्ष मोजमापे एकत्र करून २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गळती एकूण उत्पादनाच्या २.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख टन मिथेन, अशी निघाली. सरकारी हिशेबापेक्षा हा आकडा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. या दराने आपल्या वीस टनांमागे साडेचारशे किलोंहून अधिक मिथेन हवेत जातो. वीस वर्षांच्या हिशेबाने तो ३८ टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो, म्हणजे ज्वलनाच्या ५६ टनांवर दोन-तृतीयांश भर. शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले तरी पाव भागाची भर राहतेच. विजेसाठी वायू कोळशापेक्षा पहिल्या दिवसापासून सरस ठरायचा असेल तर गळती ३.२ टक्क्यांच्या आत हवी, असा हिशेब अमेरिकी संशोधकांनी २०१२ मध्येच मांडला होता. कोळशाऐवजी वायू घेणे हवामानाच्या हिताचे आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे पूर्णपणे चिमणीच्या अलीकडच्या गळतीवर ठरते. रकाना नेमका त्याच ठिकाणी गप्प आहे.

कोळशाचेही तसेच. खोल भूमिगत खाणीतून टनामागे सरासरी १८ घनमीटर मिथेन निघतो असे आयपीसीसीची मार्गदर्शिका धरते, म्हणजे सुमारे १२ किलो. एका टेराजूलला चांगल्या प्रतीचा चाळीस टन कोळसा लागतो. मिथेन झाला ४८० किलो, आणि वीजकेंद्राच्या रकान्यात लागतो तो एक किलो.

इथे मला डेन्मार्कची बाजू घ्यावीशी वाटते, कारण या तक्त्यांत सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो. तेलाच्या संकटानंतर या देशाने ठरवले, की वीज बनवताना वाया जाणारी उष्णता घरे तापवायला वापरायची. उत्तर समुद्रातला स्वतःचा वायू हाती आला होता. १९९० च्या दशकात लहान लहान गावांमध्ये शेकडो छोटी केंद्रे उभी राहिली. इंजिनावर वीज बनवायची आणि इंजिनाचे गरम पाणी नळांनी गावातल्या घरांत फिरवायचे. एकूण कार्यक्षमतेच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती. मात्र ही वायूची इंजिने जास्त हवा आणि कमी इंधन अशा मिश्रणावर चालतात, जेणेकरून नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार व्हावेत. अशा विरळ मिश्रणात ज्वाला सिलिंडरच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि न जळलेला थोडा मिथेन धुराबरोबर बाहेर जातो. टेराजूलमागे हे प्रमाण एका किलोवर राहत नाही, काही शे किलोंवर जाते.

डेन्मार्कने हे मोजले. इंजिनांच्या धुराची तपासणी करून आलेले गुणक आपल्या राष्ट्रीय हिशेबात वापरले, आणि १९९० च्या दशकात त्याच्या वीज-उष्णता रकान्यातला मिथेन झपाट्याने वाढलेला दिसला. पुढे वीजबाजार खुला झाला, पवनऊर्जा वाढली, ही इंजिने दिवसातले थोडेच तास चालू लागली आणि आकडा उतरला. प्रमाण गुणक वापरून एका किलोवर भागवणे डेन्मार्कला जमले नसते असे नाही. मोजणारा देश तक्त्यात वर गेला, न मोजणारा खाली राहिला, आणि तक्ता वाचणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. जर्मनीचेही थोडे असेच आहे. तिथे बायोगॅसवर चालणारी हजारो इंजिने आहेत, आणि त्यांतून निसटणारा मिथेन त्या देशाच्या रकान्यात दिसतो.

नेदरलँड्सकडे वळू. तिथे काचगृहांतली शेती प्रचंड आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची, फुले पिकवणारे शेतकरी आपल्या आवारात वायूची इंजिने चालवतात. उष्णता काचगृहाला, धुरातला कार्बन डायऑक्साइड पिकाला आणि जास्तीची वीज राष्ट्रीय जाळ्याला. डेन्मार्कमधल्या इंजिनांसारखीच ही इंजिने आणि त्यांतून तसाच न जळलेला मिथेन. पण इंजिन शेतात असल्यामुळे तो मिथेन शेतीच्या इंधनवापरात मोजला जातो. एकाच प्रकारच्या यंत्रातून, एकाच प्रकारे निसटणारा वायू एका देशात विजेच्या नावावर आणि दुसऱ्यात शेतीच्या. मग या दोन देशांच्या रकान्यांची तुलना करून काय हाती लागणार?

उष्णतेचीही तीच कथा. डेन्मार्कमधली दोन-तृतीयांश घरे गावच्या सामायिक केंद्रातून येणाऱ्या गरम पाण्यावर तापतात, तेव्हा घर तापवण्याचा मिथेन वीज-उष्णता रकान्यात येतो. ब्रिटनमध्ये बहुसंख्य घरांत स्वतःचा वायूचा बॉयलर असतो, म्हणून तोच मिथेन तिथे घरगुती वापरात जातो. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद केले, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय त्या देशाला द्यायलाच हवे. पण यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स केंद्रात अमेरिकेच्या दक्षिणेतून जहाजाने आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जळतात, आणि प्रमाण गुणकाने पाहिले तर लाकडाचा चिमणीतला मिथेन कोळशाच्या तीसपट ठरतो. कोणी एवढ्यावरूनच म्हणेल, की कोळसा बरा होता. रकाना एकटा वाचला की असे चुकीचे निष्कर्ष निघतात.

जलविद्युत तर या रकान्यात येतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या वोलेन जलाशयातून तळाच्या गाळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे मिथेनचे बुडबुडे मोठ्या प्रमाणावर वर येतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले. समशीतोष्ण प्रदेशातल्या जलाशयासाठी ते प्रमाण असामान्य होते. हा मिथेन जमिनीच्या वापराखाली मोजायचा विषय समजला जातो. सगळेच जलाशय असे नसतात, एवढे सांगून पुढे जातो.

खरा प्रश्न विकत घेणाऱ्या देशांचा आहे. २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली, जपानची अणुकेंद्रे बंद पडली आणि ती पोकळी मुख्यतः द्रवरूप नैसर्गिक वायूने, म्हणजे एलएनजीने भरली गेली. आज चीनच्या खालोखाल सर्वांत जास्त एलएनजी जपान घेतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. कोळसाही मोठ्या प्रमाणावर तिथूनच येतो. जपानच्या हद्दीत विहिरी आणि चालू खाणी जवळजवळ नाहीत, त्यामुळे गळतीचा रकाना रिकामा. केंद्रे आधुनिक, त्यामुळे चिमणीचा रकानाही जवळजवळ रिकामा. टोकियोतल्या दिव्यामागचा मिथेन ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या खात्यावर पडतो.

आणि तिथेही तो पुरता पडतच नाही. डच अवकाश संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ट्रोपोमी या उपग्रहावरील उपकरणाच्या साहाय्याने क्वीन्सलँडमधल्या बोवेन खोऱ्यातल्या सहा खाणींचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. या सहा खाणी ऑस्ट्रेलियाच्या एकूण कोळसा उत्पादनापैकी ७ टक्के कोळसा काढतात. त्यांतून निघणारा मिथेन मात्र देशाने सर्व कोळसा खाणींसाठी मिळून जाहीर केलेल्या मिथेनच्या ५५ टक्क्यांच्या आसपास भरला. त्यांतली हेल क्रीक ही तर उघडी खाण. उघड्या खाणीतून मिथेन नगण्य निघतो असे धरून जगभर हिशेब केले जातात, म्हणून या एका खाणीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. या खोऱ्यातला बराच कोळसा पोलादासाठी जातो, सगळा विजेसाठी नाही. पण इंधन जिथून निघते तिथे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ते जाळणाऱ्याचा हिशेब पुरा होत नाही, हे त्याने पुरेसे सिद्ध होते.

युरोपात हाच प्रश्न युक्रेनच्या युद्धाने समोर आणला. २६ सप्टेंबर २०२२ रोजी रशियातून जर्मनीला वायू नेण्यासाठी बाल्टिक समुद्रात टाकलेल्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्यांवर स्फोट झाले आणि सुमारे ४ लाख ६५ हजार टन मिथेन बाहेर पडला, असा नंतरचा अंदाज आहे. त्या बुडबुड्यांची छायाचित्रे जगभर झळकली. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीचे पहिले एलएनजी बंदर विल्हेल्म्सहाफेन येथे सुरू झाले आणि रशियन वायूची जागा मोठ्या प्रमाणावर अमेरिकी वायू घेऊ लागला. युरोपीय संघाच्या एलएनजी आयातीपैकी जवळपास निम्मा अमेरिकेतून येऊ लागला. रशियावरचे अवलंबित्व तोडणे आवश्यकच होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जर्मनीच्या वीज-उष्णता रकान्यावर या बदलाचा काहीच परिणाम दिसत नाही, जणू वायू कुठून आला याला अर्थच नसावा.

अर्थ फार आहे. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यातून २०१८-१९ च्या सुमारास एकूण उत्पादनाच्या ३.७ टक्के वायू निसटत होता, असे उपग्रहाच्या मोजमापांवरून २०२० मध्ये दिसले. कारण साधे आहे. त्या खोऱ्यात मुख्य कमाई तेलाची, वायू तेलाबरोबर आपोआप वर येतो आणि तो वाहून नेण्याची सोय विहिरींच्या वेगाने उभी राहिली नाही. मग तो जाळून टाकतात, आणि जाळण्याच्या त्या ज्योतीही नीट जळत नाहीत. ९८ टक्के मिथेन नष्ट होतो असे कागदावर धरतात. अमेरिकेतल्या तीन मोठ्या खोऱ्यांवरून विमाने फिरवून केलेल्या अभ्यासात २०२२ मध्ये प्रत्यक्ष प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपास आढळले, कारण काही ज्योती विझलेल्याच होत्या आणि त्यांतून वायू तसाच वर जात होता. झडपा उघडण्या-मिटण्यासाठी वायूच्याच दाबावर चालणारी हजारो नियंत्रक उपकरणे आहेत, ती प्रत्येक वेळी थोडा वायू बाहेर टाकतात. याउलट पेनसिल्व्हेनियाकडच्या मार्सेलस खोऱ्यात मुख्य माल वायूच असल्यामुळे गळतीचे प्रमाण बरेच कमी आहे. नॉर्वेत तर विनाकारण वायू जाळण्यावर १९७१ पासून बंधने आहेत आणि १९९१ पासून समुद्रातल्या उत्पादनावर कार्बन कर. जगातल्या सर्वांत कमी गळतीच्या उत्पादकांत तो गणला जातो. म्हणजे घेणाऱ्याला निवड करता येते. ती निवड त्याने केली की नाही, हे सांगणारा एकही आकडा प्रचलित तुलनेत नाही.

अमेरिकेबद्दल मला मनापासून चीड येते ती गळतीपेक्षाही माघारीची. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत युरोपीय संघाबरोबर जागतिक मिथेन प्रतिज्ञा मांडणारा हाच देश. २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत ३० टक्के कपात असे तिचे उद्दिष्ट, आणि आज दीडशेहून अधिक देश तिच्यात आहेत. २०२२ च्या कायद्याने तेल-वायू कंपन्यांच्या जास्तीच्या मिथेनवर टनामागे ९०० डॉलरपासून चढत जाणारे शुल्क ठरले. २०२५ मध्ये संसदेने त्या शुल्काचे नियम रद्द केले आणि वसुली २०३४ पर्यंत पुढे ढकलली. ज्या दशकात मिथेन कमी करण्याचा सर्वांत जास्त उपयोग होता, ते दशकच त्यातून वगळले गेले.

पोलंडने वेगळ्या मार्गाने हेच केले. अप्पर सायलेशिया या भागातल्या त्याच्या खोल खाणी युरोपातल्या कोळशाच्या मिथेनचा सर्वांत मोठा स्रोत आहेत. खाणकामगारांच्या जिवासाठी मिथेन बाहेर काढावाच लागतो. एप्रिल २०२२ मध्ये प्निउवेक खाणीतल्या स्फोटांनी तो न निघाल्यास काय होते ते पुन्हा दाखवले. हवा खेळवणाऱ्या पंख्यांतून बाहेर येणाऱ्या प्रचंड वाऱ्यात मिथेनचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते, त्यामुळे तो पकडणे खरोखर अवघड आणि खर्चाचे आहे. ही अडचण मी नाकारत नाही. पण युरोपीय आयोगाने आधी हजार टन कोळशामागे अर्धा टन मिथेनची मर्यादा सुचवली होती. वाटाघाटींनंतर २०२७ पासूनची मर्यादा पाच टन झाली. दहापट सूट. जर्मनीच्या रूर भागात शेवटची कोळसा खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तरी जुन्या खाणींतून झिरपणारा वायू गोळा करून त्यावर वीज बनवली जाते, कारण २००० सालच्या कायद्याने अशा विजेला हमीभाव दिला. धोरण असेल तर खाणीतला वायू पकडता येतो, याचा हा रोखठोक पुरावा आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. उत्सर्जन ज्याच्या हद्दीत, त्याच्याच नावावर, हा नियम दुहेरी मोजणी टाळण्यासाठी आहे. घेणाऱ्याच्या नावावरही तोच मिथेन लिहिला तर जगाची बेरीज दुप्पट होईल. शिवाय टेक्सासमधली झडप दुरुस्त करण्याचा अधिकार बर्लिनला किंवा टोकियोला नाही. ज्याच्या हाती उपाय नाही त्याच्यावर जबाबदारी टाकून काय साधणार?

पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे, की संयुक्त राष्ट्रांना द्यायचा हिशेब बदलण्याची गरजच नाही. बेरजेसाठी तो आहे तसा राहू द्या. तुलनेसाठी दुसरा हिशेब त्याच्या शेजारी मांडा: या देशात वापरलेल्या एका युनिट विजेमागे, खाणीपासून दिव्यापर्यंत, किती मिथेन गेला. कार्बन डायऑक्साइडबाबत वापरणाऱ्याच्या बाजूने असे हिशेब कित्येक वर्षे होत आले आहेत. दुसऱ्या मुद्द्याला मी अधिक ठाम विरोध करीन. झडपेवर घेणाऱ्याचा अधिकार नसेल, पण वीस वर्षांच्या खरेदी करारावर त्याची सही असते. वायूची गुणवत्ता, पोहोचवण्याचे वेळापत्रक, किमतीचे सूत्र हे सगळे ज्या करारात बारकाईने लिहिले जाते, त्यात गळतीची मोजणी आणि मर्यादा लिहिणे अशक्य कसे? जपानची जेरा आणि कोरियाची कोगॅस या बड्या खरेदीदारांनी २०२३ मध्ये पुरवठादारांकडून मिथेनची माहिती मागवण्याचा उपक्रम सुरू केला, म्हणजे त्यांनाही हे शक्य वाटते. तो ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक असल्यामुळेच अपुरा आहे.

युरोपीय संघाचा २०२४ चा मिथेन कायदा मला म्हणूनच गेल्या काही वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटतो. ऑगस्ट २०२४ पासून तो लागू आहे. जानेवारी २०२७ पासून नव्या करारांतल्या आयात वायूची, तेलाची आणि कोळशाची उत्पादनाच्या जागी झालेली मिथेन मोजणी युरोपातल्या मोजणीच्या तोडीची आहे, हे आयातदाराने दाखवायचे. पुढे २०३० पर्यंत गळतीच्या प्रमाणावरच मर्यादा आणायची. जबाबदारी घेणाऱ्यावर टाकणारा एवढ्या मोठ्या बाजारपेठेचा हा पहिलाच कायदा. आता अमेरिकी सरकार आणि निर्यातदार त्यातून सूट मागत आहेत, आणि युरोपातले काही आयातदारही त्यांच्या सुरात सूर मिसळत आहेत. ही सूट दिली गेली, तर रकान्यातले खोटे समाधान कायद्याच्या आधाराने आणखी दहा वर्षे टिकेल.

भारताचा या वादाशी संबंध दोन प्रकारे येतो. जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत नाही. आपला बहुतांश मिथेन गुरांचा आणि भातशेतीचा आहे, तो छोट्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे, ही भारताची भूमिका मला न्याय्य वाटते. विहिरीवरची विझलेली ज्योत आणि दोन म्हशींवर घर चालवणारे कुटुंब यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचेच आहे. श्रीमंत देशांनी आपल्या विजेमागचा मिथेन दुसऱ्याच्या नावावर ठेवून भारताच्या गोठ्यांकडे बोट दाखवावे, हे तर मुळीच मान्य होण्यासारखे नाही. पण ही भूमिका आपल्या वायूला आणि कोळशाला पांघरूण म्हणून वापरता येणार नाही. गेल या सरकारी वायू कंपनीने अमेरिकेतून दीर्घकालीन कराराखाली घेतलेल्या एलएनजीचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आले ते आपल्या दाभोळला. त्या वायूमागची गळती महाराष्ट्राच्या किंवा भारताच्या कोणत्याच रकान्यात नाही. चंद्रपूर-वणी पट्ट्यातला बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून निघतो आणि अशा खाणींना कमी मिथेनच्या समजले जाते. हेल क्रीकनंतर हा समज इथेही प्रत्यक्ष मोजून तपासायला हवा. जपानकडून आपण जे मागतो, तेच दाभोळच्या जहाजांबाबत मागण्याची तयारी हवी.

हे सगळे फार खर्चाचे आहे, असेही म्हणता येत नाही. जगभरच्या ऊर्जाक्षेत्रातून वर्षाला सुमारे १२ कोटी टन मिथेन निघतो. तेल आणि वायूच्या वाट्यापैकी सुमारे ७० टक्के आज उपलब्ध तंत्रज्ञानाने टाळता येईल आणि त्यातला बराच भाग निव्वळ खर्चाशिवाय, कारण वाचलेला वायू विकता येतो, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगत आली आहे. गळती शोधणारे इन्फ्रारेड कॅमेरे आहेत, वायूऐवजी विजेवर चालणाऱ्या झडपा आहेत, मॉन्ट्रियलच्या जीएचजीसॅटसारख्या कंपन्यांचे उपग्रह एकेका विहिरीवरची गळती दाखवू शकतात. मिथेनसॅट हा मार्च २०२४ मध्ये सोडलेला उपग्रह जून २०२५ मध्ये संपर्काबाहेर गेला, हे नुकसान मोठे आहे. तरी वरून पाहणारे डोळे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत.

तेव्हा येत्या दोन-तीन वर्षांत मागायचे ते असे. वीज आणि उष्णतेचा मिथेन छापणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याच्या शेजारी, त्या देशाने वापरलेल्या वायूमागची आणि कोळशामागची गळतीही छापावी, आणि आकडा मोजलेला आहे की गुणाकाराचा, तेही सांगावे. युरोपीय संघाने जानेवारी २०२७ ची तारीख हलवू नये. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांनी आपल्या वीज कंपन्यांना हीच अट कायद्याने घालावी, कारण युरोपने नाकारलेला गळका वायू वळेल तो त्यांच्याच बंदरांकडे. आज सही होणाऱ्या करारांचा वायू २०४० नंतरही येत राहणार आहे. मिथेनचे कलम त्यात आत्ता घातले नाही, तर ते घालण्याची पुढची संधी ते करार संपतील तेव्हाच मिळेल.